एसीचा गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल लागला की माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. दहापैकी सात जणांचं पहिलं वाक्य एकच असतं: "दादा, एसी थंड करत नाहीये. गॅस संपलाय, भरून द्या." गेली तीस वर्षं मी गिरगाव ते माहीम या पट्ट्यात एसी-फ्रीजची कामं करतो, आणि प्रत्येकाला आधी हेच सांगतो की गॅस संपत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळून जात नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो, बाहेर दाबला की तापतो आणि आत सुटला की गार होतो. एसी नीट बसवलेला असेल तर दहा-बारा वर्षांत एकदाही गॅस भरावा लागत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. ती गळती न शोधता वरून भरलेला गॅस दोन-चार महिन्यांत त्याच भोकातून आभाळात जातो.

तुमचे पैसे जातात ते वेगळंच. पण मी हे लावून धरतो त्याचं कारण त्या आभाळाशी आहे.

१९९२ साली मी आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या ट्रेडला लागलो. त्याच वर्षी जूनमध्ये भारत ओझोनचा थर वाचवायच्या माँट्रियल करारात सामील झाला, पण मला त्याचा पत्ताही नव्हता. शिकून बाहेर पडलो आणि पहिली नोकरी लागली. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्यांची रीत साधी होती. फ्रीज उघडायचा तर कॉम्प्रेसरची चार्जिंग नळी पकडीने तोडायची आणि फुस्स आवाज थांबेपर्यंत चहा प्यायचा. मीही तेच केलं, शेकडो वेळा. गॅसला रंग नाही, वास नाही; हवेत गेला म्हणजे गेला, असंच वाटायचं. फ्रीजमधला तो गॅस म्हणजे आर-१२. हवेत तो साधारण शंभर वर्षं टिकतो, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे १९९५ साली लालबागच्या चाळीत मी सोडलेला गॅस अजूनही बराचसा वर आहे.

तो वर जाऊन काय करतो हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच लिहून ठेवलं होतं. या गॅसमधला क्लोरीन उंचावर उन्हाने सुटा होतो आणि ओझोन फोडत सुटतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. हा ओझोनच आपल्याला सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोन भयंकर कमी झाल्याचं दाखवलं आणि दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियलमध्ये करार झाला. भारत लगेच आत गेला नाही. हा गॅस प्रामुख्याने श्रीमंत देशांनी वापरला, तर बदलाचा खर्च गरीब देशांनी का सोसायचा, हा आपला सवाल होता आणि तो रास्त होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत त्यासाठी वेगळा निधी ठरला, मग आपण सामील झालो. आज या करारात १९८ सदस्य आहेत, जगातले सगळेच देश आणि युरोपीय संघ. २०१० पर्यंत आर-१२ आणि त्याच्या भावंडांचं उत्पादन जवळपास जगभर थांबलं. ओझोनचा थर आता भरून येतोय. आहे ती धोरणं टिकली तर अंटार्क्टिकावर तो २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. सगळ्या जगाने मिळून केलेलं आणि खरोखर लागू पडलेलं असं दुसरं काम मला माहीत नाही. आणि ते माझ्या धंद्यातलं आहे, याचा मला अभिमान आहे.

पण काम अर्धं झालंय. जुन्या एसीतला आर-२२ सुद्धा ओझोन खातो, फक्त कमी. आपल्यासारख्या देशांना तो २०३० पर्यंत जवळजवळ पूर्ण बंद करायचा आहे. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला हात लावत नाहीत, पण हवा तापवतात. आर-४१०ए चा एक किलो गळला तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-३२ चा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात त्याच करारात नवी दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. २०२८ पासून आपल्याकडे या गॅसांच्या वापराला मर्यादा लागेल आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे.

हे आकडे कारखान्यांना आणि आयातदारांना बांधतात. नवव्या मजल्यावर पाना लावून नट सैल करणाऱ्या माणसापाशी मात्र कोणी निरीक्षक उभा नसतो. तिथे तुम्ही असता. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितोय.

मेकॅनिकला फोन करण्याआधी आतल्या युनिटची जाळी काढून नळाखाली धुवा आणि पूर्ण सुकवून लावा. मग शक्य असेल तर बाहेरच्या युनिटचा कॉइल बघा. दादर-परळला बांधकामाची धूळ, वरळी-प्रभादेवीला खारी हवा, आणि कबुतरांची पिसं सगळीकडेच. कॉइल चोंदला की उष्णता बाहेर पडत नाही आणि एसी गॅस कमी असल्यासारखाच वागतो. माझ्याकडे "गॅस संपला" म्हणून येणारे बरेच फोन नुसत्या धुण्याने मिटतात.

धुऊनही फरक पडला नाही तर बाहेरच्या युनिटवरच्या पाटीचा फोटो काढा. त्यावर गॅसचं नाव असतं आणि कंपनीने किती ग्रॅम भरलाय तेही असतं. हे दोन आकडे तुमच्या हातात असले की समोरचा माणूस अंदाजपंचे बोलू शकत नाही. मग फोनवर तीन गोष्टी विचारा: नायट्रोजनचा सिलिंडर आणता का? व्हॅक्यूम पंप आणता का? वजनकाटा आणता का? तिन्ही आणणारा माणूस थोडे जास्त पैसे घेईल आणि त्याचा अर्धा दिवस जाईल. त्यालाच बोलवा. जो फक्त गॅसचा छोटा कॅन आणि दाब मोजायचं गेज घेऊन वीस मिनिटांत मोकळा होतो, तो पुढच्या वर्षी परत येणार आहे.

गेल्या वर्षीचं एक काम सांगतो, म्हणजे हे डोळ्यांसमोर येईल. प्रभादेवीला समुद्राच्या अंगाला एक आजी राहतात. त्यांच्या एसीत तीन उन्हाळे तीन वेगवेगळ्या माणसांनी गॅस भरला होता. आजींनी तिन्ही बिलं रबरबँड लावून जपून ठेवली होती. एकाही बिलावर गळती कुठे होती हे लिहिलेलं नव्हतं, कारण ती कोणी शोधलीच नव्हती.

मी आधी नुसतं बघत बसलो. गळणारा गॅस कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं बरोबर आणतो, आणि त्या तेलावर धूळ चिकटते. बाहेरचे सांधे कोरडे होते. आतल्या युनिटमागे, भिंतीच्या भोकाजवळ, पाइपवर गुंडाळलेली पांढरी टेप एका जागी काळपट आणि चिकट दिसली. टेप सोडली तर खालचा फोम तेलाने मऊ पडलेला आणि पितळी नटाच्या कडेला हिरवा गंज धरलेला. भांडी घासायच्या लिक्विडचं दाट पाणी ब्रशने तिथे लावलं. आधी काहीच झालं नाही. मिनिटभराने नटाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगत फुगत मेथीच्या दाण्याएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा यायला लागला. आजी चष्मा पुसून जवळ आल्या. म्हणाल्या, "एवढंसं?" एवढंसंच. तीन वर्षं गॅस तिथूनच जात होता.

पूर्वीचा मी असतो तर नट सोडून उरलेला गॅस खिडकीबाहेर जाऊ दिला असता. आता मी रिकव्हरी मशीन लावतो. ते मशीन एसीतला गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरतं. सिलिंडर काट्यावर ठेवायचा आणि ८० टक्क्यांच्या वर कधी भरायचा नाही, कारण ऊन लागलं की आतला गॅस फुगतो. त्या दिवशी ३१० ग्रॅम निघाला. पाटीवर ९५० लिहिलेलं होतं.

माझा भाचा माझ्याबरोबर काम शिकतो. त्याने विचारलं, "मामा, तीनशे ग्रॅमसाठी एवढा खटाटोप?" मी त्याला आजींच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब करायला लावला. ३१० ग्रॅम आर-४१०ए म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तीन वर्षांत भरलेला सगळा धरला तर चार टनांच्या घरात. त्याने आकडा दोनदा तपासला. तेव्हापासून रिकव्हरी मशीन तोच उचलतो, मला सांगावं लागत नाही.

नट सोडल्यावर कारण दिसलं. तांब्याच्या नळीचं तोंड गळतीच्या बाजूला चिरलेलं होतं. बसवणाऱ्याने नट नको तेवढा आवळला होता. तेवढा तुकडा कापला, आतली धार रीमरने साफ केली, नवी फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरट तोंड, काढली, तिच्यावर तेलाचा एक थेंब लावला आणि टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरालाच सुटणाऱ्या पान्याने, नट बसवला. मग गळती थांबली का हे बघायला नळीत दाबाने नायट्रोजन भरून गेजचा काटा कुठे आहे तिथे मार्करने खूण केली आणि अर्धा तास हात लावला नाही. काटा हलला नाही. हा अर्धा तास फार महत्त्वाचा. तुमच्या घरी मेकॅनिक नायट्रोजन भरून नुसता बसलेला दिसला तर तो वेळ काढतोय असं समजू नका, त्याला चहा द्या. मात्र नायट्रोजनऐवजी कोणी ऑक्सिजनचा सिलिंडर लावायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

नायट्रोजन सोडून दिल्यावर व्हॅक्यूम. इथेच सर्वांत जास्त चोरी होते. पाइपमधली हवा काढायला बरेच जण थोडा गॅस सोडून "एअर मारतात". गॅस तर वाया जातोच, शिवाय आतली ओल आतच राहते. मुंबईची हवा पावसाळ्यात किती दमट असते हे मी सांगायला नको. ती ओल तेलात मिसळून आम्ल होते आणि कॉम्प्रेसर हळूहळू खाते. पंप लावून दाब ५०० मायक्रॉनपर्यंत खाली न्यायचा; मायक्रॉन हे इतका कमी दाब मोजायचं माप. बाहेरच्या हवेचा दाब साडेसात लाख मायक्रॉनच्या वर असतो, यावरून अंदाज येईल. मग व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं बघायचं. आकडा झरझर वर चढला तर अजून गळती आहे, थोडा चढून थांबला तर ओल आहे. मायक्रॉन गेज मी पहिल्यांदा पाहिला तो सर्व्हिसिंगच्या चांगल्या पद्धतींच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात. आर-२२ बंद करण्याच्या सरकारी कार्यक्रमात आमच्यासारख्या मेकॅनिकांना असं शिकवतात, आणि त्याला त्याच लंडनच्या निधीतून पैसा येतो. तुमचा मेकॅनिक तरुण असेल तर त्याला हे प्रशिक्षण घ्यायला सांगा.

शेवटी गॅस, काट्यावर वजन करून. क्लॅम्प मीटरवर अँपिअर बघून किंवा पाइपला हात लावून गारवा पाहून भरणं हे जुन्या मशीनला कसंबसं चालायचं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर आपला वेग सतत बदलतो, त्यामुळे दाब आणि अँपिअर फसवतात. पाटीवर ९५० ग्रॅम असेल तर काटा ९५० ग्रॅमने खाली यायला हवा. नळी जास्त लांब असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं. तुम्ही स्वतः काट्याजवळ उभे राहून आकडा वाचा.

आगीबद्दलही बोलायला हवं. आर-३२ थोडा पेट घेतो. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. वातावरणासाठी आर-२९० फारच चांगला आहे. ओझोनला धक्का नाही, उष्णताही नगण्य. विक्रोळीच्या गोदरेजने जर्मनीच्या सहकार्याने त्यावर चालणारे एसी एका दशकापूर्वीच बाजारात आणले. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असतो, तोही याच कुळातला. पाटीवर ज्वाळेचा त्रिकोण दिसला तर काम चालू असताना खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा विझवलेला, कोणी सिगारेट ओढत नाही, एवढं बघा. सगळा गॅस काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च पेटता कामा नये. आणि "आर-२२ महाग झालाय, दुसरा स्वस्त गॅस टाकतो" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. ज्या मशीनच्या पाटीवर जो गॅस, तोच. आर-२२ च्या मशीनचे वायरिंगचे सांधे आणि स्विच पेट घेणाऱ्या गॅससाठी बनवलेलेच नसतात.

आता भाडेकरूंसाठी. अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलतं, घराबरोबर एसीही हलतो. मुंबईत सगळ्यात जास्त गॅस असाच वाया जात असेल, असं माझं मत आहे. तो वाचवायला वेगळं यंत्रही लागत नाही. बाहेरच्या युनिटला दोन नळ्या असतात, बारीक आणि जाड, आणि दोन्हींवर व्हॉल्व्ह. मेकॅनिकने जाड नळीला गेज लावायचं, एसी कूलिंगवर दहा मिनिटं चालवायचा, मग ॲलन कीने बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कॉम्प्रेसर घरातल्या बाजूचा सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो. काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच एसी बंद. याला पंप डाऊन म्हणतात. नंतर नट सोडताना अगदी हलका फुस्स ऐकू येतो, बाकी सगळा गॅस युनिटमध्ये कुलूपबंद. मेकॅनिक वर चढण्याआधी त्याला स्पष्ट सांगा: "पंप डाऊन करून काढायचा." नट सोडताना मोठा जोराचा आवाज बराच वेळ आला, तर पंप डाऊन झालेला नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. मशीन आधीच गळत असेल तर हे करू नका. भोकातून हवा आत ओढली जाते, आणि हवा, तेल आणि दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर फुटू शकतो. मी असा फुटलेला कॉम्प्रेसर पाहिला आहे. तिथे रिकव्हरी मशीनच लागतं.

नव्या घरात बसवतानाही आधी नळ्यांचं व्हॅक्यूम, मगच व्हॉल्व्ह उघडायचे.

बाहेरचं युनिट कुठे लावायचं यावर लोक हॉलच्या सोफ्याइतकाही विचार करत नाहीत. बारा मजल्यांच्या इमारतीत भिंतीवर अधांतरी टांगलेल्या युनिटपाशी दोरीवर लटकून कोणी अर्धा तास गळती शोधणार नाही, आणि त्याने तशी शोधावी असं आपण म्हणूही नये. तो जीव मुठीत धरून गॅस भरतो आणि आत येतो. युनिट बाल्कनीत किंवा डक्टमधल्या भक्कम चौकटीवर लावा, जिथे माणूस दोन्ही पायांवर उभा राहू शकेल आणि पट्टा अडकवायला जागा असेल. समुद्राकाठी राहत असाल तर कॉइलला गंजरोधक लेप आहे का, हे घेतानाच विचारा आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने मीठ धुऊन काढा.

मशीन अगदीच म्हातारं झालं की भंगारवाला येतो, छिन्नीने नळी तोडतो आणि राहिलेला गॅस एका झटक्यात बाहेर. एसी आणि फ्रीज हे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, त्यामुळे एक्स्चेंजमध्ये द्या किंवा नोंदणी असलेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्या. भंगारातच द्यायचा असेल तर आधी मेकॅनिकला बोलावून गॅस काढून घ्या.

काम संपल्यावर बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: गॅसचं नाव, किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला, गळती कुठे होती. आजींच्या एसीवर मी हेच कायम शाईच्या पेनाने, तारखेसकट, बाहेरच्या युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला तो नातवाच्या मुंजीचं आमंत्रण द्यायला.